मोटारीच्या पाठीवरचा पंख

स्पोर्ट्‌स कारच्या पाठीवर दोन खांबांच्या आधाराने उभारलेला आडवा पंख दृष्टीस पडला की पाहणाऱ्यांमध्ये तत्काळ दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, तो पंख ही वेगाची सनदच असून ज्या मोटारीला तो आहे ती, नसलेल्या मोटारीहून, निःसंशय अधिक वेगाने धावणार. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, ही निव्वळ मिरवण्याची वस्तू आहे, यंत्राच्या कामगिरीशी तिचा काडीचाही संबंध नाही, आणि ग्राहकाच्या हौसेवर विक्रेत्यांनी बसवलेली ही एक पट्टी आहे. दोन्ही मते इतक्या आत्मविश्वासाने मांडली जातात, आणि दोन्ही इतकी अपुरी आहेत, की हा विषय मोटारशौकिनांच्या गप्पांवर सोडून देणे मला योग्य वाटत नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने आकड्यांत देऊन ठेवले आहे त्यावर श्रद्धा आणि अश्रद्धा यांनी भांडत बसावे, हे यंत्रयुगात जगणाऱ्या समाजाला शोभत नाही.

मूळ गोष्टीपासून आरंभ केला पाहिजे. मोटारीची आकृती बाजूने न्याहाळली तर वरचा भाग कमानदार आणि खालचा पुष्कळसा सपाट असा तिचा छेद दिसतो, आणि हा छेद विमानाच्या पंखाच्या छेदाशी बराच जुळतो. छतावरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो, तेथील दाब उतरतो, आणि त्यामुळे भरधाव मोटार, चालकाला कळो वा न कळो, जमिनीपासून वर उचलली जाऊ पाहते. आता मोटारीचे वेग घेणे, थांबणे आणि वळणे या तिन्ही क्रिया चार टायरांच्या जमिनीला टेकलेल्या अगदी लहान पृष्ठभागांवर अवलंबून असतात, आणि टायरची पकड त्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. भार वाढवण्याचा उघड उपाय म्हणजे वजन वाढवणे. परंतु वजन वाढवले की जडत्वही वाढते, आणि वळणावर त्या वाढीव जडत्वाला आवरण्यातच वाढीव पकड खर्ची पडते. उलटा पालथा घातलेला पंख टायरवरचा भार वाढवतो, पण वस्तुमानात जवळजवळ भर घालत नाही. त्याच्या साऱ्या महत्त्वाचे मूळ एवढ्या एका गोष्टीत आहे. या खाली दाबणाऱ्या बलाला आपण अधोबल म्हणू. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी ५० किलोमीटरला जेवढे बल असेल त्याच्या चौपट १०० ला आणि सोळापट २०० ला. मात्र हवेचा रोधही त्याच प्रमाणात वाढतो, आणि त्या रोधावर मात करण्यासाठी इंजिनाला जी शक्ती पुरवावी लागते ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत जाते. अधोबल फुकट मिळत नाही, हे सूत्र या विषयात कोणीही, कोणत्याही पक्षाच्या आवेशात, विसरता कामा नये.

ही गोष्ट अभियंत्यांच्या ध्यानात आली तेव्हा अधिकाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती. १९५६ साली मायकेल मे नावाच्या एका तरुण स्विस अभियंत्याने आपल्या पोर्शे ५५० स्पायडरवर, चालकाच्या डोक्यावर, कोन बदलता येणारा एक मोठा पंख बसवला आणि ती मोटार न्युरबुर्गरिंगच्या १००० किलोमीटरांच्या शर्यतीसाठी नेली. सरावानंतर तो पंख उतरवण्याचा हुकूम झाला आणि ती कल्पना दहा वर्षे दप्तरबंद राहिली. तिला खरा न्याय दिला तो टेक्ससच्या जिम हॉल याने. १९६६ सालच्या त्याच्या चॅपराल २ई या मोटारीचा पंख पाठीपासून पुष्कळ उंच, म्हणजे मोटारीने ढवळलेल्या हवेच्या वर, स्वच्छ प्रवाहात उभा होता. त्याचे खांब सांगाड्यावर न टेकता थेट मागच्या चाकांच्या आधारांवर टेकलेले होते, त्यामुळे स्प्रिंगांना न दाबता सारा भार टायरांवर उतरे. आणि या मोटारीत क्लच दाबण्याची गरज नसल्यामुळे मोकळ्या राहिलेल्या डाव्या पायाखाली हॉलने एक वेगळेच पेडल दिले होते: ते दाबले की सरळ रस्त्यावर पंख आडवा होऊन हवेला वाट देई, सोडले की वळणासाठी पुन्हा कलता होई. त्याच वर्षी लगुना सेका येथे फिल हिल याने ही मोटार पहिल्या क्रमांकाने आणली. मला या पेडलाचे फार मोल वाटते, कारण ज्याने पंखाची उपयुक्तता सिद्ध केली त्यानेच त्याची किंमतही त्याच क्षणी ओळखली होती आणि ती वाचवण्याची तजवीज करून ठेवली होती. पंखाच्या आजच्या पुष्कळशा भक्तांजवळ आणि पुष्कळशा निंदकांजवळही हा विवेक नाही.

पुढची तीन वर्षे या विवेकाच्या अभावाचीच आहेत. १९६८ च्या जूनमध्ये बेल्जियमच्या स्पा येथे फेरारी आणि ब्रॅबहॅम यांच्या फॉर्म्युला वन मोटारींवर पंख आले, आणि वर्षभराच्या आत सगळ्या शर्यतीवर बारीक काठ्यांवर डोलणाऱ्या उंच पंखांचे रान माजले. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंजुइक सर्किटवर लोटस संघाच्या ग्रॅहॅम हिलचा पंख मोडला आणि थोड्याच वेळात त्याच ठिकाणी योखेन रिंट याच्याही मोटारीचा पंख मोडून ती हिलच्या पडलेल्या मोटारीवर आदळली. रिंट जखमी झाला, आणि त्याने उघडे पत्र लिहून पंखांवर बंदीची मागणी केली. त्याच महिन्यात मोनॅकोच्या सरावात उंच पंखांना मनाई झाली. पुढे उंचीची हद्द घालून आणि पंख मोटारीच्या अंगालाच पक्का जोडण्याची अट लादून त्यांना मुभा मिळाली. मोंजुइकने पंखांची निरुपयोगिता दाखवली असे काही जण म्हणतात. मला तो निष्कर्ष उलटा वाटतो. ज्या वस्तूच्या मोडण्याने मोटार एका क्षणात चालकाच्या हातून निसटते ती वस्तू मोडण्यापूर्वी फार मोठे काम करीत होती, हेच त्या अपघाताने रुजू केले.

आता प्रस्तुत प्रश्नाचा गाभा. पंखामुळे कामगिरी सुधारते काय, असे विचारणाऱ्याने कामगिरी म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे, कारण सरळ रस्त्यावरचा सर्वोच्च वेग ही एक कामगिरी आहे, आणि वळणावळणाच्या सर्किटची एक फेरी कमीत कमी काळात पुरी करणे ही दुसरी, आणि या दोहोंत पंखाची भूमिका परस्परविरुद्ध आहे. यासाठी पोर्शे कारखान्याने आपणहून पुरवलेल्या दाखल्याहून चांगला दाखला मला आढळत नाही. ९११ या वंशातील अलीकडच्या दोन मोटारी घ्या. २०२१ सालच्या जीटी३ हिचे इंजिन ५१० अश्वशक्तीचे. जीटी३ आरएस हिचे ५२५ अश्वशक्तीचे. दुसरीच्या पाठीवर छताहूनही उंच असा अवाढव्य पंख आहे, आणि कारखान्याच्या सांगण्याप्रमाणे ताशी २०० किलोमीटरला तिच्यावर ४०९ किलो आणि २८५ किलोमीटरला ८६० किलो अधोबल पडते. मोटारीचे स्वतःचे वजन सुमारे साडेचौदाशे किलो आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. परंतु सर्वोच्च वेग पाहा: स्वयंचलित गिअरांची जीटी३ ताशी ३१८ किलोमीटर गाठते, आणि अधिक शक्तीची आरएस २९६ वर थांबते. बावीस किलोमीटरांचा वेग हवेच्या पदरी टाकून आरएसने काय वसूल केले? न्युरबुर्गरिंगच्या २०.८ किलोमीटरांच्या जुन्या घाटवळणी सर्किटवर जीटी३ ची फेरी ६ मिनिटे ५९.९ सेकंदांची नोंदली गेली होती, आणि आरएसची ६ मिनिटे ४९.३ सेकंदांची. साडेदहा सेकंदांतील काही वाटा इतर सुधारणांचा, निराळ्या टायरांचा आणि पंधरा अश्वशक्तींचा असेल. पण बावीस किलोमीटरांनी मंद असलेली मोटार फेरीत इतकी पुढे राहते, याचा मुख्य खुलासा अधोबलाखेरीज दुसऱ्या कशाने होत नाही.

याच जमाखर्चाची उलटी बाजू मॅक्लारेन एफ१ या मोटारीत दिसते. गॉर्डन मरी याने आखलेल्या या रस्त्यावरच्या मोटारीला स्थिर पंख नव्हता, आणि १९९८ साली जर्मनीतील चाचणीमार्गावर तिने ताशी ३८६ किलोमीटरांचा वेग नोंदवला. तिच्याच शर्यतीच्या आवृत्तीने मोठा पंख लावून १९९५ साली ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली; आणि त्या विजयाच्या स्मरणार्थ काढलेल्या, पंखधारी, अधिक अश्वशक्तीच्या एफ१ एलएम या आवृत्तीचा सर्वोच्च वेग मात्र ३६२ किलोमीटरांवर आला. एकच कुळ, एकच शिल्पी. जिथे सरळ वेग हवा तिथे पंख नाही, जिथे चोवीस तास वळणे जिंकायची तिथे पंख आहे. बुगाटी वेरॉनच्या कर्त्यांनी तर ताशी ४०७ किलोमीटरांचा वेग गाठण्यासाठी चालकाने आधी निराळी किल्ली फिरवावी आणि मोटारीने आपला पंख अंगाशी मिटून घ्यावा अशीच योजना केली. पंख उभा असेल तर तीच मोटार ३७५ वर थांबते. आणि फॉर्म्युला वनने २०११ साली सरळ मार्गावर मागच्या पंखाची झडप उघडून रोध कमी करण्याची मुभा चालकांना दिली, तेव्हा जिम हॉलच्या डाव्या पायाखालचे पेडलच पंचेचाळीस वर्षांनी नियमावलीत दाखल झाले, असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही.

येथवर वाचून पहिला तट विजयाच्या आनंदात असेल, तर त्याने आणखी एका प्रसंगाकडे लक्ष द्यावे. १९६९ साली पोर्शेची ९१७ ही शर्यतीची मोटार शक्तीने अजोड आणि चालवायला भयंकर होती. वेग वाढला की ती रस्त्यावर भरकटे, आणि निष्णात चालकही तिच्यात बसायला नाखूष असत. तिच्या शेपटीवर हवा दाबणारे पृष्ठभाग होतेच. ऑस्ट्रियातील त्सेल्टवेग येथे त्या वर्षाच्या ऑक्टोबरात चाचण्या चालू असता जॉन वायर यांच्या संघातील अभियंता जॉन हॉर्समन याच्या नजरेस एक साधी गोष्ट आली. सर्किटवर चिलटांचे थवे होते आणि मोटारीच्या अंगावर सर्वत्र त्यांची प्रेते चिकटलेली होती. मागच्या दाबपृष्ठांवर मात्र एकही चिलट नव्हते. याचा अर्थ तिथपर्यंत हवा पोहोचतच नव्हती. ती छतावरून सुटून वरच्या वर निघून जात होती आणि ज्या पृष्ठांवर साऱ्यांची भिस्त होती ती रिकाम्या पोकळीत उभी होती. तिथल्या तिथे अल्युमिनिअमचे पत्रे कापून, रिबिटांनी आणि चिकटपट्टीने बसवून, शेपटी आखूड आणि वर चढती करण्यात आली. ब्रायन रेडमन याने फेऱ्या मारल्या आणि मोटार एकदम शहाण्यासारखी वागू लागली. फेरीचा काळ काही सेकंदांनी उतरला. रोध थोडा वाढला होता, सर्वोच्च वेग थोडा घटला होता, आणि १९७० साली याच आखूड शेपटीच्या रूपाने ९१७ ने ल मॉंची शर्यत पोर्शेला प्रथमच जिंकून दिली. हॉर्समनच्या निरीक्षणाइतका स्वच्छ पाठ या विषयात मला दुसरा ठाऊक नाही. पंख आहे, एवढ्यावरून पंख काम करतो हे ठरत नाही. त्याच्यावर हवा येते काय, हे आधी पाहावे लागते. उभ्या काचेच्या हॅचबॅकच्या पाठीवर, छताच्या खाली, ढवळलेल्या हवेत बसवलेले बाजारी पंख या एका परीक्षेतच नापास होतात.

दुसरी परीक्षा तोलाची. पंख मागच्या चाकांच्याही मागे असतो. त्याच्यावर पडलेला दाब मागच्या आसाला टेकू करून मोटारीचे नाक वर उचलतो, आणि पुढच्या टायरांवरचा भार, म्हणजेच सुकाणूची सत्ता, कमी करतो. म्हणून ज्या मोटारीवर खरा पंख आहे तिच्या पुढच्या बंपराखाली, तळाशी, चाकांच्या कमानींत तितक्याच परिश्रमाने पुढचे अधोबल साधलेले असते. ते नसताना केवळ मागे पंख चढवणे म्हणजे मोटार सरळ जायला हट्टी आणि वळायला नाखूष करणे होय. लॅम्बोर्गिनी काउंटॅकवरचा तो प्रसिद्ध त्रिकोणी पंख या दोषाचे ठळक उदाहरण आहे: शेकडो धनिकांनी तो जादा पैसे देऊन बसवून घेतला, मुलांच्या खोल्यांतील भिंतींवर त्याची चित्रे लागली, आणि त्याने त्या मोटारीच्या सर्वोच्च वेगात ताशी सुमारे १६ किलोमीटरांची घट केली, तर जिच्या नाकाला आधीच वर उचलले जाण्याची खोड होती त्या मोटारीला त्याने मागून आणखी रेटा दिला.

मग या साऱ्या साधनांत सामान्य चालकाच्या खऱ्या उपयोगाचे असे काहीच नाही काय? आहे, आणि त्याकडे फारसे कोणी कौतुकाने पाहत नाही. ते म्हणजे शेपटीच्या कडेला किंचित वर वळवलेला ओठ, ज्याला स्पॉयलर म्हणतात तो. पंख स्वतः अधोबल निर्माण करतो; ओठ फक्त पाठीवरून घसरणारी हवा योग्य जागी तोडून मोटारीला वर उचलणारे बल मोडतो. १९७२ च्या अखेरीस पोर्शेने ९११ करेरा आरएस २.७ या मोटारीच्या शेपटीवर बदकाच्या शेपटासारखा एक ओठ चढवला. टिलमन ब्रॉडबेक आणि त्याचे सहकारी यांच्यापुढे प्रश्न असा होता की, मागे इंजिन असलेली ही मोटार वेगात मागून हलकी होऊन घसरते, तिला जमिनीवर कसे ठेवावे. उत्तर सापडले ते पत्र्याच्या एका उंचवट्यात, आणि त्याचे विशेष असे की, त्याने मागचे उचलणारे बल पुष्कळ घटवले असूनही सर्वोच्च वेग कमी झाला नाही, उलट सुमारे साडेचार किलोमीटरांनी वाढला, कारण त्या उतरत्या पाठीवरील अव्यवस्थित प्रवाहच त्याने सुधारला होता. जमेच्या दोन्ही बाजू वाढल्या आणि खर्च पडला नाही, असा योग या शास्त्रात विरळा.

या ओठाच्या अभावाची किंमत काय असते ते ऑडी टीटीच्या इतिहासात नमूद आहे. १९९८ साली ही मोटार बाजारात आली ती तिच्या गोल, अखंड, कोठेही कड नसलेल्या पाठीच्या सौंदर्यासाठी वाखाणली गेली. आणि वेगमर्यादा नसलेल्या जर्मन महामार्गांवर, भरधाव असताना मार्गिका बदलताना किंवा वळणावर एकाएकी पाय उचलताना तिची मागची बाजू सुटू लागली. प्राणघातक अपघात झाले. कारखान्याने मोटारी परत बोलावल्या, सस्पेन्शन बदलले, घसरण आवरणारी विद्युत्‌यंत्रणा बसवली, आणि त्या सुंदर पाठीच्या कडेवर एक लहानसा स्पॉयलर चढवला. रेखाटनकारांना तो खटकला असेल. मला तो त्या मोटारीवरचा सर्वांत आदरणीय अवयव वाटतो. सर्किटवरचे दहा सेकंद ही मोठी गोष्ट आहे, पण ती मूठभर चालकांची आहे. भरधाव मोटारीत अचानक चुकलेल्या सामान्य माणसाला जो रस्त्यावर धरून ठेवतो तो उपाय त्याहून मोठा आहे, आणि तो इतका लहान आहे की, रस्त्यावरून जाणाऱ्याचे लक्षही वेधीत नाही. पंखाच्या वादात आपण सारे उंचीकडे पाहत राहिलो, आणि श्रेय जिथे द्यायचे तिथे दिले नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

आपल्याकडील रस्त्यांना हे गणित लावून पाहावे. सुमारे दीड मीटर लांब आणि पाव मीटर रुंद असा पंख, आदर्श स्वच्छ हवेत आणि मध्यम कोनात, ताशी १०० किलोमीटरला, म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागातील मोटारींच्या मर्यादेला, सोळा-सतरा किलोंच्या आसपास भार देईल. ताशी ६० ला हाच भार सहा किलोंवर येतो. बाराशे किलोंच्या मोटारीला यातून वळणावर जे मिळेल ते चांगल्या टायरांच्या एका संचापुढे नगण्य आहे. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारींत तर मागे दिलेला दाब ओढणाऱ्या चाकांचाच भार हलका करतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या फेरफारांना प्रतिबंध करते, हेही ध्यानात असावे. घाईने दोन बोल्टांवर कसलेला पंख महामार्गावर सुटून मागच्या दुचाकीस्वारावर गेला, तर त्याची जबाबदारी कोणत्याही हौसेने फिटणारी नाही.

कोणी म्हणेल, सौंदर्याला स्वतःचा अधिकार आहे, आणि ज्याला पंख देखणा वाटतो त्याने तो का लावू नये? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. अलंकार हा अलंकार म्हणून, सुरक्षित रीतीने, घातला तर त्यात कोणाचे काही जात नाही. परंतु आज तो कामगिरी या नावाने विकला जातो. विक्रीच्या पत्रकांत शर्यतीची छायाचित्रे, रोमांचक विशेषणे आणि सर्किटचे उल्लेख असतात. पंखाने कोणत्या वेगाला किती भार पडतो, पुढच्या आसावर किती आणि मागच्यावर किती, रोध किती वाढला, यांपैकी बहुधा काहीच नसते. पोर्शेने ४०९ किलो आणि ८६० किलो हे आकडे छापले, म्हणून आपण त्यांची फेरीच्या काळाशी तुलना करू शकलो. जिथे आकडा नाही तिथे पंखाच्या बाजूने आणि विरुद्ध जे बोलले जाते ते सारे मखलाशीचे आहे.

माझी मागणी म्हणून साधी आहे. अश्वशक्ती, वजन आणि इंधनाचा खप छापणे जसे आज प्रत्येक निर्मात्याला भाग पडते, तसेच ज्या मोटारीवर पंख किंवा स्पॉयलर आहे तिच्या पत्रकात एका ठरावीक वेगाला पुढच्या आणि मागच्या आसावरचे उत्थापन किंवा अधोबल, आणि पंखासह व पंखाविना रोध, हे आकडे छापणे सक्तीचे व्हावे; सुटे पंख विकणाऱ्यांनाही हाच नियम लागू व्हावा, आणि ते कोणत्या आकाराच्या मोटारीवर मोजले हे सांगण्याचे बंधन त्यांच्यावर असावे. तो नियम होईपर्यंत वाचकांनी मोटार पाहायला गेल्यावर विक्रेत्याला हे आकडे विचारावेत, आणि ते मिळाले नाहीत तर पंखासाठी जादा दाम मोजू नये. तेवढे पैसे टायरांवर खर्च करावेत.